दोघांचा वॉकमन

आठ दिवस झाले, मी मनीषाकडे जळगावला आहे आणि माझ्या हातांना काम नाही. सावद्याच्या आमच्या घराचं धाबं उतरवून तिथं स्लॅब टाकायचं चाललं आहे. मातीचं छप्पर खणताना धूळ उडते, तुझा खोकला वाढेल, असं म्हणून लेकीनं मला उचलून इथं आणलं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात कामाला गेली की मी स्वयंपाकघरातून गॅलरीत जाते, गॅलरीतून परत येते. पुसलेला ओटा पुन्हा पुसते. बसते, उठते. मग टेबलावर ठेवलेल्या त्या वस्तूकडे माझी नजर जाते आणि मी पुन्हा उठते.

ती वस्तू म्हणजे वॉकमन. खोली रिकामी करताना मनीषानं माझी ट्रंक उघडली, लुगड्याच्या फडक्यातून तो बाहेर काढला आणि म्हणाली, "आई, आता किती वर्षं ठेवणार? दुरुस्त करून घेऊ. मला ऐकायचंय."

काय ऐकायचं ते तिला सांगावं लागलं नाही. यात तिच्या वडिलांचा आवाज आहे. ती दोन वर्षांची असताना हे गेले. त्यांना मी कधी नावानं हाक मारली नाही, म्हणून इथंही 'हे'च लिहिते. चेहरा तिला फोटोतून माहीत आहे. आवाज मात्र कुठंच नाही. तेव्हा कोणाच्या हातात फोन नव्हते. जो काही आवाज उरला तो या डबीत, असं मी तिला लहानपणापासून सांगत आले.

पण त्यात माझाही आवाज आहे. तो कोणी ऐकावा असं मला वाटत नाही. उद्या तिला सुट्टी आहे, उद्या आम्ही दुकानात जाणार. म्हणून मी आज एका जागी बसू शकत नाही.

शेवटी तो हातात घेतला. हातात घेतला की जीव थोडा थांबतो.

तो निळा आहे, कडेनं चांदीसारखा. पत्र्याचा आहे, प्लास्टिकचा नाही, म्हणून उन्हाळ्यातही पहिल्यांदा थंड लागतो. तळव्यात नेमका मावतो. ज्यानं कोणी तो घडवला त्यानं आधी माणसाचा हात मापला असेल असं वाटतं. गाण्याची बटणं वर नाहीत, कडेला ओळीनं आहेत. न बघता अंगठ्यानं चाचपडून कळतं, हे थांबायचं, हे चालायचं, हे मागं न्यायचं. दाबलं की खट् असा आवाज होतो, जाड आणि खात्रीचा, चांगल्या कुलपासारखा. झाकणाला लहानशी खिडकी आहे. तिच्यातून आतली चाकं फिरताना दिसायची. एक चाक भरत जायचं, दुसरं रिकामं होत जायचं. गाणं किती उरलं ते कानाच्या आधी डोळ्याला कळायचं.

आणि त्याला स्वतःचा आवाज नाही. आमच्या आळीतल्या टेपरेकॉर्डरला मोठी जाळी होती, तो लावला की चार घरं ऐकायची. याला जाळीच नाही. गाणं तारेतून फक्त कानात जातं, बाहेर कोणाला काही कळत नाही. मला तेव्हा वाटलं होतं, हे यंत्र माझ्यासारख्या बाईसाठीच कोणीतरी केलं आहे.

लग्न होऊन मी धुळ्याकडच्या एका खेड्यातून सावद्याला आले तेव्हा मला तोंड उघडायची भीती वाटायची. आमच्याकडं अहिराणी. सावद्याची बोली वेगळी. मी 'आहे'ला 'शे' म्हटलं की चुलीजवळच्या बायका एकमेकींकडं बघायच्या. 'इथं'ला 'आठे' म्हटलं की एखादी तसंच म्हणून दाखवायची, आणि सगळ्या हसायच्या. वाईट मनानं नाही, पण हसायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. मान हलवून काम भागतं हे मी त्या वर्षी शिकले.

हे केळीच्या वॅगनबरोबर जायचे. त्या काळी आमच्याकडची केळी रेल्वेनं दिल्लीला जायची आणि मालाबरोबर एक माणूस जायचा. वॅगनमध्ये केळीचे घड पानं घालून रचलेले, त्यात एका माणसापुरती जागा. आठ-दहा दिवसांनी परत यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला पिकत आलेल्या केळीचा गोड वास आणि लोखंडाचा वास, दोन्ही एकत्र यायचे. अजूनही फळवाल्याच्या गाडीजवळून जाताना मी थांबते. नंतर आठवतं की त्यात लोखंडाचा वास नाही, आणि पुढं जाते.

एका खेपेला त्यांनी दिल्लीच्या जुन्या बाजारातून हा वॉकमन आणला. बरोबर काळ्या स्पंजाचा एकच हेडफोन. पण वॉकमनला भोकं मात्र दोन, अगदी शेजारी शेजारी.

"दोन काऊन?" त्यांच्या आईनं, अक्कांनी, विचारलं.

"एक बिघडलं तं दुसरं," हे म्हणाले.

पुढच्या खेपेला दुसरा हेडफोन आला तेव्हा अक्का काही बोलल्या नाहीत. त्या मधल्या महिन्यात एक भोक रिकामं होतं. दुपारी सगळे निजले की मी त्यावर बोट ठेवून बसायची.

मग उन्हाळा आला, बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे दिवस. ज्वारी भिजत घातलेल्या मडक्याचा आंबट वास घरभर. पहाटेपासून चुलीत कपाशीच्या काड्यांचा, पऱ्हाटीचा धूर, मोठ्या पातेल्यात रटरटणारा ज्वारीचा घाटा, त्यात तीळ, आणि ओल्या कापडावर तो पसरवणाऱ्या बायकांच्या बांगड्यांचा आवाज. थापलेलं कापड घेऊन जिना चढायचं, धाब्यावर खाटा टाकलेल्या, त्यांवर बिबडे वाळत घालायचे. नंतर दिवसभर तिथं कोणीतरी बसायला लागतं, कावळे हाकायला. ते काम नव्या सुनेचं. वर ऊन, खाली मातीचं तापलेलं धाबं, डोक्यावर खाटेवरून टाकलेल्या चादरीची सावली. हातात काठी.

पहिल्या दिवशी हे पाण्याचा तांब्या घेऊन वर आले आणि खाली गेलेच नाहीत.

आमच्या आळीतली धाबी एकमेकांना लागून. एका टोकाकडून चालत निघालं तर दुसऱ्या टोकापर्यंत पाय खाली न ठेवता जाता येई. प्रत्येक धाब्यावर बिबडे, बिबड्यांपाशी एक बाई, आणि प्रत्येक बाईचं लक्ष शेजारी. तिथं नवऱ्याशी बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले. त्यांनी एक हेडफोन माझ्या मांडीवर ठेवला. तार आखूड. कानाला लावायचा तर सरकून जवळ बसावं लागे. बनवणाऱ्याला ठाऊक असणार.

खालून अक्का ओरडल्या, "कानात बोळे घालून बसले का दोघं? कावळे बठ्ठे बिबडे नेतीन."

"नही नेत," हे म्हणाले. "त्यायलेबी गानं आवडतं."

वॉकमनवर आवाज कमी-जास्त करायच्या दोन पट्ट्या होत्या, एकीशेजारी एक. भोकं दोन, माणसं दोन, पट्ट्या दोन. मला वाटलं एक त्यांची, एक माझी. मला मोठा आवाज सहन होत नव्हता, म्हणून मी माझी म्हणून एक पट्टी खाली ओढली. माझा एक कान रिकामा झाला. असंच असतं वाटून मी गप्प बसले. पुढचे तीन दिवस आम्ही दोघंही एका कानानं गाणी ऐकत होतो. चौथ्या दिवशी हे म्हणाले, "मले वाटलं मह्या कानात मळ झाला." पट्ट्या माणसांच्या नव्हत्याच, कानांच्या होत्या, एक डाव्या, एक उजव्या. मी हसले. मोठ्यानं हसले. शेजारच्या धाब्यावरची बाई उठून उभी राहिली.

त्याच दुपारी त्यांना आणखी एक बटण सापडलं. वरच्या बाजूला, बाकी सगळं निळं-चांदी आणि हे एकटंच केशरी. दाबून धरलं की गाणं मागं सरायचं आणि जग पुढं यायचं. कावळे, लांबवरचं जातं, खालच्या बांगड्या, सगळं कानात. सोडलं की पुन्हा गाणं. आत कुठंतरी लहानसा माईक होता. यांनी तो तोंडाजवळ नेला, ओठ न हलवल्यासारखं केलं, आणि त्यांचा आवाज माझ्या डोक्याच्या बरोब्बर मधोमध आला. इतक्या जवळून मी कोणाचाच आवाज ऐकला नव्हता. पुढं तसा कधी ऐकलाही नाही.

मग बिबडे संपेपर्यंत आम्ही तसेच बोललो. काठी हातात, तोंड रस्त्याकडं, आणि बोलणं तारेतून. बघणाऱ्याला दिसायचं, दोघं गाणं ऐकत बसलेत, सून बरी आहे, बोलत नाही. आणि मी बोलत होते. माझ्या भाषेत बोलत होते. एका दुपारी मी त्या केशरी बटणावर अंगठा ठेवून म्हटलं, "माले आठे करमत नही." अक्कांबद्दलही बोलले. त्या मला घाटा ढवळू देत नाहीत, माझ्या हाताला चव नाही असं शेजारणीला सांगतात, ते सगळं. आयुष्यात एवढं एका दमात मी कधी बोलले नव्हते.

बोलून झालं आणि खिडकीतून पाहिलं तर आत चाकं फिरत होती.

मला धडकी भरली. आमच्या गावात कानबाई देवीच्या उत्सवात एकानं टेपरेकॉर्डरवर बायकांची गाणी भरून घेतली होती, ते मी पाहिलं होतं. माईकसमोर बोललेलं चाकांवर गुंडाळलं जातं, मग कोणीही कधीही ऐकू शकतं. मी लगेच यांना म्हटलं, "ही बाजू आता पुन्हा लावायची नाही." हे माझ्याकडं बघत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "बरं. नही लावत." ती कॅसेट तशीच आत राहिली. गाणी ऐकायची तर दुसरी बाजू.

त्यानंतर किती उन्हाळे आले ते मोजायला बोटं पुरतात.

हे गेल्यावर मी वॉकमन फडक्यात गुंडाळला. अक्का जिवंत होत्या तोवर तो लावायची हिंमत नव्हती. मी त्यांच्याबद्दल काय बोलले ते त्यात होतं. आणि नंतरनंतर त्या माझ्याच हातचा घाटा मागायला लागल्या होत्या. अक्का गेल्या तेव्हा सेलांना हिरवा गंज चढलेला. शिवाय कोणीतरी सांगितलं, जुनी टेप लावली की पुसली जाते. मग राहू दिला. आवाज आहे, जपून आहे, एवढं पुरे वाटायचं.

मनीषा पाच-सहा वर्षांची असेल. एकदा जेवताना तिनं विचारलं, "पप्पा कसे बोलायचे?" मला सांगता येईना. मी ट्रंकेकडं बोट दाखवलं आणि म्हटलं, "त्यात आहे." तिनं मान हलवली. मुलांना किती लवकर पटतं. त्यानंतर श्रावणात कानबाईसाठी ठेवणीतलं लुगडं काढायला ट्रंक उघडली की ती वॉकमन कानाला लावायची. "गप्प आहेत," म्हणायची. "सेल संपलेत," मी म्हणायची. मोठी झाल्यावर तिनं तो कानाला लावणं सोडलं, नुसता हातात घेऊन बसायची. पण पुन्हा कधी विचारलं नाही, ते कसे बोलायचे. तिला वाटायचं, उत्तर ट्रंकेत आहे. मलाही तेच वाटायचं, आणि तेवढ्यानं माझी सुटका व्हायची.

वरचं लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. स्टेशनकडच्या गल्लीत एक वयस्क गृहस्थ जुने रेडिओ, टेप दुरुस्त करतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. दुकान म्हणजे एक टेबल, दोन बाकं आणि भिंतीला लागून बंद पडलेल्या वस्तूंचा ढीग. आमच्या आधी एक जण मांडीवर मिक्सर घेऊन बसला होता. नानांनी वॉकमन पाहिला आणि त्याला म्हणाले, "तुम्ही बसा जरा. मिक्सर कुठं पळून नही जात."

त्यांनी बारीक पेचकसानं मागचं झाकण काढलं. रबरी पट्टा वितळून काळा चिखल झाला होता. तो ते काडीला कापूस लावून पुसत होते आणि पुसता पुसता आमच्याशी बोलत होते. "पाहा ताई, कसं बसवलंय. एक तार इकडची तिकडं नही. एक स्क्रू फालतू नही. हा पत्रा पाहा, आतून पण पॉलिश केलाय, जिथं कोनी बघनार नही तिथं. आता अशी वस्तू कोन करतं? पट्टा बदलला की पळेल."

मनीषा पुढं वाकली. "नाना, जपून करा हं. यात माझ्या वडिलांचा आवाज आहे. पुसला नाही ना जाणार?"

नानांनी काडी खाली ठेवली. चष्मा कपाळावर घेतला. "यात कसा असेल?"

"आहे. या बटणानं बोलायचे ते. आई पण होती."

"ताई, हे ऐकायचं मशीन. भरायचं नही. भरायला वेगळं हेड लागतं, ते यात बसवलेलंच नही." त्यांनी केशरी बटणाखाली पेचकस टेकवला. "माईक हाये, बरोबर. पन ही तार पाहा. कॅसेटकडं जात नही. सरळ कानाकडं जाते. बोललं, ऐकलं, संपलं."

मिक्सरवाल्यानंही मान पुढं करून पाहिलं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायची लाज वाटते. पहिल्यांदा सुटल्यासारखं झालं. अक्कांबद्दलचं ते बोलणं कुठंच नाही. मग मनीषाकडं पाहिलं आणि कळलं, यांचं बोलणंही कुठंच नाही. आणि यांचं ते हसणं आठवलं. बरं, नही लावत. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला सांगितलं नाही, नुसती ती बाजू लावायची सोडली.

नानांनी नवा पट्टा घातला, सेल घातले. आपला हेडफोन मनीषाला दिला. तिनं ऐकलं. एक बाजू संपेपर्यंत ऐकलं, मग दुसरी लावायला सांगितली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. ती मध्येच डोळे मिटायची, मग उघडायची. खिडकीत चाकं फिरत होती, जशी तेव्हा फिरायची तशीच. शेवटी तिनं हेडफोन काढला आणि तारेची घडी घालत बसली.

"गाणीच आहेत," ती म्हणाली. आणि मग, "आई, तू म्हणाली होतीस."

आवाजात राग नव्हता.

"मला तसंच वाटत होतं."

"वाटतं," नाना म्हणाले. "माईक दिसला की मानसाले वाटतं, भरतच असेल."

मी उठले. पिशवी घेतली. पदर सारखा केला. चल, घरी जाऊ, असं म्हणणार होते.

"बस," मनीषा म्हणाली. "आता तू सांग. कसे बोलायचे ते."

"घरी सांगते."

"घरी तू ओटा पुसत बसशील."

मिक्सरवाला हसला आणि लगेच भिंतीकडं बघायला लागला. मी बाकावर बसले. चाळीस वर्षं जे मी चार माणसांत केलं नाही ते इथं, गल्लीत, परक्या दोन पुरुषांसमोर. पण लेक समोर बसली होती, आणि आता दाखवायला ट्रंक नव्हती.

"हळू बोलायचे," मी म्हटलं. "शब्द लांबवायचे. बटण दाबलं की आधी म्हणायचे, 'आयकू येऊ राह्यलं का व तुले?' त्या 'व'वर थोडं थांबायचे. तिथं हसू असायचं."

"ऐकू नाही आलं, आई. मोठ्यानं."

मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा तो 'व' बरोबर लागला. "माझ्या बोलीतही बोलायला बघायचे. विचारायचे, 'तुले आठे करमते शे का?'"

"ही अहिराणी नही," मिक्सरवाला भिंतीकडं बघतच म्हणाला. "आमी धुळ्याचे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांना येत नव्हती. माझ्यासाठी बोलायचे."

मनीषानं विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"करमत नाही म्हणाले."

"आणि ते?"

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं ते आत आहे, सांगायची काय गरज.

"म्हणाले, 'मंग मले सांगत जाय. रोज सांग. अक्काले नको, कोनाले नको. मले सांग. मी आयकतो.' आणि अंगठा बटणावरच धरून ठेवला. गाणं येऊ दिलं नाही. मी अजून काही बोलेन म्हणून."

"अजून," मनीषा म्हणाली.

नानांनी उठून पंखा बंद केला, त्याची घरघर मध्ये येत होती म्हणून. मी सांगत गेले. थोड्याच वेळात सगळ्यांना घाम फुटला, पण लावा असं कोणी म्हणालं नाही.